बाबांचं ताट

माझ्या वडिलांना जेवायला वाढणं हे आमच्या घरातलं सगळ्यांत अवघड काम होतं. ते रागीट नव्हते. त्यांनी ताट भिरकावलं किंवा आवाज चढवला असं कधी झालं नाही. भाकरीवर नखाएवढा काळा डाग असला, वरणावर मोहरी तरंगताना दिसली, भाताचा ओलावा भाजीला लागला, की ते ताट बोटभर पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "असू दे." मग पाणी पिऊन उठायचे. त्या दोन शब्दांनंतर आईचा दिवस काळवंडून जायचा.

वांगं, भोपळा, मुळा, मेथी त्यांना चालत नसे. लसूण चाले, पण दिसता कामा नये. दूध तापवताना जरासं खाली लागलं तर ते त्यांना दारातूनच कळे. नागपूरला असताना आई त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायची. आधी त्यांचं, मग आमचं. आम्हा दोघा भावंडांना वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मग नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि भोपाळला राजधानी होऊन नवा मध्य प्रदेश झाला. कचेऱ्यांतली माणसं वाटली गेली. कोणी इकडे राहिलं, कोणाला तिकडे टाकलं. बाबांचं नाव तिकडच्या वाट्याला आलं आणि त्यांची नेमणूक बुऱ्हाणपूरला झाली. आजोबा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, मोठा भाऊ मॅट्रिकच्या वर्षात. आईला निघता येईना. बाबा एकटेच गेले.

दिवाळीला ते परत आले तेव्हा त्यांच्या कॉलरमध्ये मान हलत होती. खानावळीत ते जेवूच शकले नव्हते. चहा, केळी आणि चुरमुऱ्यांवर त्यांनी ते महिने काढले होते. आई त्यांच्याकडे बघत राहिली. रात्रीची जेवणं झाल्यावर ती आणि आजोबा हलक्या आवाजात काही बोलले आणि दुसऱ्या दिवशी आईने माझी ट्रंक भरायला घेतली. मी तेव्हा सातवीत होते.

"तिथे मराठी शाळा आहे," आई म्हणाली. "सकाळी त्यांचं दोन वेळचं कर आणि शाळेत जा. भाऊची परीक्षा झाली की मी आलेच."

भाकरी मला थापता येत होती, वरणभात येत होता. पण आईच्या घरात बाबांच्या पातेल्याला मी कधी हात लावला नव्हता. गाडीत मी आईने सांगितलेलं मनात घोकत होते. मीठ शेवटी. कांदा गुलाबी, लाल नाही. भाजी वाडग्यात, ताटात नाही. भुसावळला गाडी बदलली तेव्हा बाबांनी मला पेरू घेऊन दिला. स्वतः घेतला नाही, कारण तो फार पिकलेला होता.

बुऱ्हाणपूरला आमची जागा म्हणजे एका घराच्या मागच्या दोन खोल्या होत्या. पुढे घरमालक राहायचे. त्यांचं कापसाचं दुकान होतं. घरमालकीण निंबोल्याकडच्या शेतकरी घरातली, हाडापेराने मोठी आणि मोठ्या आवाजाची बाई होती. तिला मी मावशी म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी डाळ शिजली नाही. मी दोन घटका चूल फुंकत बसले, तरी तुरीचा दाणा दाण्यासारखाच. घोटून पाहिली तर खाली चोथा आणि वर पिवळं पाणी. बाबांनी वाटीत बोट बुडवून पाहिलं. "असू दे," ते म्हणाले आणि नुसता भात ताकाशी कालवून दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी अंगणात बसून रडत होते, तेव्हा मावशी कपडे वाळत घालायला आली.

"काय झालं वं? माय आठोते काय?"

"डाळ शिजत नाही," मी म्हटलं.

ती एवढ्या मोठ्याने हसली की मला अजूनच रडू आलं. "अवं पोरी, हे विहिरीचं पानी जड है. याच्यात तुरीची दाळ जिंदगीभर नै शिजनार. पियाले हे घे, दाळीले तापीचं आन. मी जाते रोज सकाळी, चाल माह्यासंग."

तेव्हापासून मी पहाटे तिच्याबरोबर घाटावर जाऊ लागले. तापीचं पाणी थंडीत काचेसारखं नितळ असायचं. कळशी कमरेवर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढताना हाताला कळ लागायची, पण डाळ शिजली. बाबांनी वरण भुरकलं आणि काही बोलले नाहीत. काही न बोलणं हेच त्यांचं चांगलं म्हणणं होतं.

शाळेत माझं नाव घातलं होतं. शाळा दहा ते पाच. मी सकाळी बाबांचं दुपारचं जेवण करून, झाकून जायचे. आठवडाभर ते जेमतेम जेवले. मग एका संध्याकाळी म्हणाले, "गार भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही. तुला एक वाजता घरी येता येईल का? मी येतो त्या वेळी. दोनच भाकऱ्या टाकायच्या."

मी मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी थोडे दिवस सोडलं. पण घरी येऊन चूल पेटवायची, भाकऱ्या करायच्या, बाबांचं होईपर्यंत थांबायचं, भांडी विसळायची, यात शाळेचे पुढचे दोन तास जायचे. गणित नेमकं त्याच वेळी असे. संक्रांत येईपर्यंत मी इतकी मागे पडले की वर्गात फळ्याकडे बघायचीही लाज वाटायची. शेवटी बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं, मुलीला पूर्ण वेळ पाठवा, नाहीतर काही उपयोग नाही. बाबा घरी आले, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "आई येईपर्यंत राहू दे शाळा. पुढच्या वर्षी बघू."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. काय गेलं ते कळायला वेळ लागला.

कचेरीत बाबांचं काय चाललं होतं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. नागपूरला त्यांच्या मसुद्याला मान होता. इंग्रजी असो की मराठी, साहेब लोक त्यांचा कागद न वाचता सही करत. इथे सगळं हिंदीत होऊ लागलं. वेगवेगळ्या राज्यांतून आलेली माणसं ज्येष्ठतेच्या एकाच यादीत बसवली गेली, त्यात बाबा खाली गेले आणि ग्वाल्हेरकडून आलेला, त्यांच्याहून पुष्कळ लहान असलेला एक जण त्यांचा साहेब झाला. तो त्यांच्या हिंदीतली लिंगं तांबड्या शाईने दुरुस्त करायचा. हे त्यांनी मला सांगितलं नाही. घरमालक आणि ते ओट्यावर बसले असताना माझ्या कानावर पडलं. घरमालक म्हणाले, "बाबूजी, भाषा तो पानी है, जहाँ रहो वहाँ का पियो." बाबा हसले नाहीत.

त्या दिवसांत त्यांची जीभ आणखी नाजूक झाली. आदल्या दिवशी चाललेलं दुसऱ्या दिवशी चालेनासं झालं. मी कधी दुसऱ्यांदा चूल पेटवायचे, कधी पिठल्यावर भागवायचे. त्यांनी सोडलेलं अन्न मी गाईला घालायचे आणि राहिलेलं स्वतः खायचे.

थंडीत एका संध्याकाळी ते लवकर घरी आले. चेहरा ओढलेला.

"रविवारी साहेब जेवायला येणार आहेत."

"आपल्याकडे?"

"त्यांनीच विषय काढला. इकडचं भरीत चांगलं असतं म्हणे. त्यांना भरीत खायचंय." वांग्याचा उच्चारही त्यांनी केला नाही.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पदर खोचला. रविवारी सकाळी तिने बाजारातून हिरवी-पांढरी मोठी वांगी आणली. मागच्या अंगणात काट्याकुट्यांचा जाळ करून आम्ही ती भाजली. साली काढल्या, हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी काठवटीत ठेचले, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. सगळ्या घरभर वांग्याचा धुरकट वास भरला. बाबा तो वास चुकवायला बाहेरच्या खोलीच्या दारात उभे होते.

साहेब गोरेपान आणि तरुण होते, वागायला वाईट नव्हते. त्यांनी मला "बिटिया" म्हणून हाक मारली, पाटावर मांडी घालून बसले आणि पहिला घास घेऊन डोळे मिटले. "वाह! ये हुई न बात." मी बाबांच्या ताटात भरीत वाढलं नव्हतं. त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी केली होती. साहेबांच्या ते लक्षात आलं.

"अरे, आप तो ले ही नहीं रहे? मेहमान को खिलाकर खुद आलू?"

"लेता हूँ, साहब," बाबा म्हणाले.

साहेबांनी माझ्या हातातला डाव घेतला आणि स्वतः बाबांच्या ताटात भरीत वाढलं. एक डाव, मग हसत हसत आणखी एक. "बिटिया ने इतने प्यार से बनाया है."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. भरिताला लावला. तोंडात घातला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. त्यांचा गळा वरखाली झालेला मला दिसला. मग दुसरा घास, मग तिसरा. मध्ये मध्ये साहेबांच्या बोलण्यावर ते मान हलवत होते, "जी, बिलकुल" म्हणत होते. ताटात भरिताचा कणही राहिला नाही. माझ्या आठवणीत बाबांचं ताट इतकं स्वच्छ झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

साहेबांना कोपऱ्यापर्यंत पोचवून ते परत आले आणि सरळ मागच्या अंगणात गेले. ओकारीचा आवाज आला. मी तांब्या घेऊन गेले तर ते भिंतीला हात टेकून वाकलेले होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते पुन्हा घरात करू नकोस."

"नाही करणार, बाबा."

त्या प्रसंगानंतर मला त्यांची दया येऊ लागली. जगात कुठेच त्यांना नको म्हणता येत नव्हतं. ते नको म्हणू शकत होते फक्त माझ्या ताटाला. मी लहान होते, मला हे असं शब्दांत सांगता आलं नसतं. पण माझ्या हातात ते उतरलं. मी जीव लावून स्वयंपाक करू लागले. त्यांच्या पावलांवरून कळे की आज नुसतं वरणभात-तूप हवं की काही तिखट चालेल. ताजं पीठ हवं म्हणून मी दोन दिवसांची ज्वारीच तेवढी गिरणीत न्यायचे. भाकरी आरावर फुगवताना एकही डाग पडू दिला नाही. हळूहळू "असू दे" थांबलं. एकदा तर ते म्हणाले, "अर्धी अजून वाढ." त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

आई दोन उन्हाळे गेल्यावर आली. आजोबा वारले होते, भाऊ वसतिगृहात गेला होता, नागपूरचं बिऱ्हाड मोडलं होतं. टांग्यातून उतरली तेव्हा ती मला ठेंगणी वाटली. मीच वाढले होते. तिने माझे हात हातात घेऊन उलटसुलट केले, बोटांवरचे चटक्यांचे डाग पाहिले. "आता तू शाळेत जायचं," ती म्हणाली. "मी आले ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आंघोळ करून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी बाजूला भाजी निवडत बसले. बाबांना आवडायची तशी फोडणीची डाळ, गवारीची भाजी, भाकरी. सगळं तिने तिच्या पद्धतीने केलं. बाबा जेवायला बसले. आई पंखा घेऊन समोर. त्यांनी दोन घास खाल्ले, थांबले आणि ताट बोटभर पुढे सरकवलं.

"असू दे."

"काय झालं? मीठ?"

"मीठ बरोबर आहे. प्रवासाचा शीण असेल तुला."

आठ दिवस असंच चाललं. आई पाणी बदलून बघे, फोडणी बदले, मला विचारी, "तू हिंग किती घालतेस?" मी सांगायचे, ती तेवढाच घालायची, तरी व्हायचं नाही. नवव्या-दहाव्या दिवशी बाबा हात धुता धुता सहज म्हणाले, "तिलाच करू दे. तिच्या हाताची सवय झालीय."

 चुलीपाशी आईने हातातली पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिथे खिडकीपाशी बसून सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला लागली. मी भाकरी थापायला घेतली. आमच्या दोघींमध्ये नुसतं दार होतं, पण मला तिला हाक मारता आली नाही.

संध्याकाळी तिने बाबांजवळ शाळेचा विषय काढला. "पोरीचं वय चाललंय. तिला वर्गात बसवून घेतील का ते विचारा."

"आता काय करायचंय शाळेचं? हात चांगला आहे तिचा. कुठेही नाव काढेल."

"तुम्ही तिला इथे आणलं तेव्हा काय ठरलं होतं?"

"तेव्हाचं वेगळं होतं," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यानंतर आई स्वयंपाकघरात यायची ती वरकामाला. भाजी चिरायची, भांडी लावायची. मी तिला म्हणायचे, "आई, आज तू कर ना." ती म्हणायची, "मला कुठे जमतंय आता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नसे. एकदाच, मी तिला तेल लावून देत असताना, ती म्हणाली, "तू त्यांना फार सांभाळलंस गं. थोडं उपाशी ठेवायचं होतंस." 

माझं लग्न मावशीनेच जमवलं, तिच्या नात्यात, निंबोल्याला. घरी कापूस होता, थोडी केळी नव्याने लावली होती. मुलाने पाहायला आल्यावर विचारलं, "कितवीपर्यंत शिकलात?" मी म्हणाले, "सातवी." सातवीही पुरी नव्हती. मावशी मध्येच म्हणाली, "पोरीच्या हातची भाकरी खाऊन तं पाहा, मग पुसजा शाळा." सगळे हसले. सोयरिक ठरली. बाबा म्हणाले, गाव जवळ आहे, बरं झालं.

माझ्या सासरी सगळे सगळं खायचे. पाटीभर भाकऱ्या तासाभरात संपत, डाग कोणी बघत नसे, चव कशी आहे कोणी सांगत नसे. मी सुरुवातीला सवयीने दाराशी उभी राहून एकेकाचा चेहरा बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "उभी काऊन? बस न, जेव."

माझ्यामागे बाबांचं जेवण आणखी कमी झालं. आई करायची, ते चिमणीएवढं खायचे. पोटात दुखू लागलं. पुढे डॉक्टरांनी आतड्यात जखम असल्याचं सांगितलं आणि तिखट, तेल, डाळ बंद केली. मऊ भात, दूध, राजगिऱ्याची लापशी. नोकरी संपायच्या आधीच ते अंथरुणाला लागले.

मी भेटायला गेले तर आई त्यांना चमच्याने भात भरवत होती. ते तोंड उघडायचे, गिळायचे, पुन्हा उघडायचे. नजर भिंतीकडे.

मला निरोप द्यायला आई ओट्यापर्यंत आली. म्हणाली, "आता काही म्हणत नाहीत. परवा मी दूध मुद्दाम करपू दिलं."

"आई!"

"चांगलं करपवलं. गल्लीभर वास. वाटलं, निदान तोंड फिरवतील. पिऊन टाकलं सगळं." तिचे डोळे कोरडे होते. "इतकी वर्षं त्यांनी नको म्हणू नये म्हणून झटले, आणि आता..."  रस्त्यावर माझे यजमान बैलगाडी घेऊन थांबले होते. मी गेले.

बाबा त्या पावसाळ्यात गेले. भावाची नोकरी तेव्हा लांब होती. दिवस झाल्यावर मी आईला निंबोल्याला आणलं. जावयाच्या घरी राहायचं तिच्या जिवावर यायचं. सासूबाईंनी आग्रह करूनही तिने चुलीला हात लावला नाही. मी देईन ते ती खायची. ताट कधी पुढे सरकवलं नाही, कधी मागून घेतलं नाही. पडवीत बसून केळीचे घड गाडीत भरताना बघत राहायची.

एकदा घरात कोणी नव्हतं, सगळे शेतात गेले होते. भाकरीचं पीठ मळता मळता मी तिला म्हटलं, "आई, आज तुझ्यासाठी करते काहीतरी. तुला काय आवडतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या हातांकडे. ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. ओठ हलत होते. मी पिठाचा हात तसाच धरून उभी राहिले.

"काय की गं," ती शेवटी म्हणाली. "मला नाही सांगता येत."

मी तांदूळ धुतले, वरण लावलं, तूप कढवलं. तिच्या पुढ्यात बसून तिला वाढलं. ती हळूहळू जेवली. झाल्यावर म्हणाली, "छान झालंय." मी पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच का, अजून देऊ का. ती हो म्हणत राहिली. अंगणात गाई आल्या होत्या आणि कोणीतरी त्यांना पाणी दाखवायला हवं होतं, म्हणून मी उठले.